कंदिलावरचा 'ज'

वळणदार अक्षराचा एवढा हट्ट धरणारा मी मास्तर, पण पूर्णगडच्या शाळेत असताना दुसरीतल्या एका पोरीने मला गप्प केलं. पोरं पाटीवर गिरवायला कंटाळायची, म्हणून दिवाळीत मी त्यांना पतंगी कागदाचे कंदील करायला लावले आणि म्हटलं, "घरी येणाऱ्या माणसासाठी यावर बोरूने एक छानसं वाक्य लिहा."

संध्याकाळी घरोघर बघत फिरलो. जनीच्या अंगणात गेलो, तर कंदील कोरा!

"जने, अक्षर कुठाय?"

"मागल्या बाजूस हाय, गुरुजी."

वळसा घालून गेलो. समुद्राकडच्या बाजूला एकच भलामोठा 'ज'.

"अगं, वाट इकडे आहे. तिकडून कोण येणार?"

"बापूस. होडी घेऊन गेलाय."

हे पटलं, पण माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "बरं. पण मी अख्खं वाक्य सांगितलं होतं. नुसता 'ज' कशाला?"

एवढं साधं मला कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, बापसाला मी अजून येवढाच शिकवलाय."