टीव्हीतली चिंबोरी

…आणि वर मलाच विचारतात, आप्पा, औषध आधीच का प्यायलात? आता तुम्ही सांगा, औषध कधी प्यायचं? मेल्यावर? डॉक्टरने मला बजावलंय, नाथाआप्पा, दुखो न दुखो, सकाळ-संध्याकाळ औषध चुकवायचं नाय. मग टीव्हीतला तो तलवारवाला माणूस, त्याच्या पिशवीत लाल औषधाच्या बाटल्या, सकाळी खेळायला बसलो की त्याला एक पाजायचो, चहाच्या टायमाला दुसरी. वेळेवर! आणि चिंबोरीसमोर उभा राहिलो तेव्हा पिशवी रिकामी. सून कपाळाला हात लावते, म्हणते ते मार खाल्ल्यावर प्यायचं असतं. अगं, मार खाल्ल्यावर औषधाला धावलो म्हणून तर माझा हात असा झाला ना… आणि एवढं करून चिंबोरी हलली का? चिंबोरी ढिम्म हलत नाय.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नायतर म्हणाल म्हातारं भंजाळलं.

मी बाळकुमचा कोळी. सगळा जन्म खाडीत. शाळेत गेलेलो, पण मास्तर एका दारातून आत आला की मी दुसऱ्या दारातून बाहेर, भरती थोडीच मास्तरसाठी थांबते? तर गेल्या थंडीत उजव्या हातावरून वारं गेलं. हात लाकूड झाला. तोंड वाचलं. आमची बायको सगुणा म्हणते उलटं झालं असतं तर घराला बरं पडलं असतं. डॉक्टरने रबराचा बॉल दिला, म्हणे दाबत बसा. माणसाने दिवसभर बॉल दाबत बसायचं? चार दिवसांत कुत्र्याने पळवला, मी म्हटलं घेऊन जा बाबा, तुला हात नायत, तुला गरज जास्त.

मग सुनेने शक्कल काढली. वासंती नाव तिचं, माहेर विठ्ठलवाडीचं, भावाचं रेडिओ-टीव्ही रिपेरिंगचं दुकान. तिथून तिने टीव्हीचा गेम आणला. एक डबडं, त्यात कॅसेट खुपसायची, दोन रिमोट, वायर टीव्हीच्या पाठीत. म्हणे बोटं चालतील, अंगठा मोकळा होईल. मी म्हटलं चालेल, तिकडे खाडीत नाय तर नाय, इकडे बटणं दाबू. खेळ असा की एक तलवारवाला माणूस जंगलातून, गुहेतून चालत जातो, जो दिसेल त्याला मारतो, का मारतो ते कोणी सांगत नाय. आणि गुहेच्या टोकाला पाणी, आणि पाण्यात बसलेली… काय असेल? चिंबोरी, म्हणजे तुमचा खेकडा! ही एवढी! तिची एकेक नांगी म्हणजे माझी होडी. अरे, जन्मभर मी चिंबोऱ्या धरल्या, आता म्हातारपणी माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीत ती मला धरायला बसली.

वासंती म्हणते, हा बॉस आहे. बॉस? बॉस आमच्या मोरूच्या कंपनीत, कोलशेतला, केबिनमध्ये बसतो. मोरूला विचारलं, तुझ्या बॉसला कसं हरवतोस? म्हणतो, "हरवत नाय आप्पा, मान खाली घालून सही घेतो आणि निघतो." हा माझा मुलगा. खाडीच्या चिखलात पाय घातला तर बूट खराब होतो याचा.

आणि याच मोरूने तो विषय काढला. होडी बंदरावर उलटी घालून ठेवलेली. माझी होडी. तिला वाळवी लागेल, फळ्या उलतील, म्हणून ती शिवरामला देऊन टाकू म्हणे. शिवराम म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, सख्खा भाचा. दर दोन दिवसांनी येणार, माझ्या खाटेवर बसणार, "मामा, तुम्ही लवकर बरे व्हा" म्हणणार, आणि जाताना बंदरावर थांबून होडीच्या बुडावर टिचक्या मारून बघणार. कलिंगड घ्यायला आलाय जसा! मी मोरूला म्हटलं, माझा हात चालतो. तो म्हणाला नाय चालत. मी म्हटलं चालतो. शेवटी तो वैतागला. म्हणाला, "नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाणार, तुम्ही न्या नायतर शिवराम नेईल. त्याआधी याच हाताने ती टीव्हीतली चिंबोरी मारा, मी परत होडीचं नाव काढणार नाय." मी म्हटलं, दिला शब्द.

दिला शब्द! रागात माणूस काय काय देतो बघा.

मग सल्ले सुरू. वासंती म्हणाली, आधी ताकद वाढवा, जंगलात जाऊन बारकं बारकं मारत फिरा, मारलं की आकडा वाढतो, आकडा वाढला की तलवारीला जोर येतो. गेलो. वटवाघळं मारली, उंदीर मारले, एक हिरवं लिबलिबीत काहीतरी होतं ते तर इतकं मारलं की त्याची जात संपली असेल. दोन दिवस मोठ्या मासळीच्या नावाने जवळा गोळा करतोय! आकडा वाढला, ऐटीत चिंबोरीसमोर गेलो, आणि शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते. गेली. आली तेव्हा माणूस परत जंगलाच्या तोंडाशी, अंगावर पहिल्या दिवसाचे कपडे, सगळी ताकद गेली. मी म्हटलं, या बिचाऱ्याच्याही हातावरून वारं गेलं.

शेजारचा देवराम आला. तरुणपणी कुस्त्या करायचा, एकही जिंकला नाय, पण सल्ला देतो. म्हणे तिला दमव. तू नुसता पळत राहा, ती मारून मारून दमेल. पळालो. इकडे उडी, तिकडे उडी, ती नांगी आपटते, मी सटकतो, नांगी आपटते, मी सटकतो… माझ्या अंगठ्याला फोड आला, देवराम खुर्चीत घोरायला लागला, चिंबोरी ताजीतवानी. यंत्र कधी दमतं का?

मग मी माझं डोकं चालवलं. चिंबोरीला समोरून जायचंच नसतं, मागून जायचं, मागच्या पायाशी धरायचं, लहान पोरही सांगेल. पण ही मेली पाठच दाखवत नाय! मी डावीकडे, तिचं तोंड डावीकडे. उजवीकडे, तोंड उजवीकडे. ज्याने बनवली त्याने जन्मात चिंबोरी धरलेली नाय, नुसती ताटात बघितली असेल. बरं, अवसेची चिंबोरी भरलेली असते, पुनवेची पोकळ. म्हणून आषाढातली पुनव येईपर्यंत मी हात बांधून बसलो. पुनवेला गेलो. तेवढीच भरलेली! मग वर बघितलं, टीव्हीतल्या आभाळात चंद्रच नाय. गेम जपानचा. तिकडे कुठली तिथी चालू आहे, पंचांग कुणाला विचारायचं?

आणि ती लढाईच्या आधी बोलते. खरंच. खाली जपानी अक्षरं उमटतात. वासंती म्हणते आप्पा, बटण दाबून पुढे जा. अगं, कोणी दोन शब्द बोलतंय तर ऐकून नको घ्यायला? मी थांबायचो. काय म्हणत असेल? बहुतेक म्हणत असेल, म्हाताऱ्या, तुझ्या खाडीत कंपन्यांचं पाणी आलं, मासळी गेली, हातही गेला, आता इथे कशाला आलास? आणि मग नांगी. तिचं खरं होतं म्हणून जास्त लागायचं.

सगुणाने रिमोटला हळदकुंकू लावलं, एकवीरा आईला कोंबडा बोलली. बटण चिकट झालं. चिंबोरी ढिम्म हलत नाय.

पण तुम्हाला सांगतो… अंगठा हलायला लागलेला. कुणाला बोललो नाय. आधी अंगठा, मग शेजारचं बोट. पाठोपाठ मनगट. हरत होतो रोज, पण रोज थोडा उशिरा हरत होतो.

नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. मोरू घरी, वासंती पदर खोचून माझ्या शेजारी, सगुणा वाल सोलत दारात, आणि शिवराम. त्याला कोणी बोलावलेलं? होडीसाठी रंगाचा डबा घेऊनच आलेला! म्हणे जाता जाता घेतला.

बसलो. बाटल्या राखून ठेवल्या, चहाच्या टायमालाही पाजल्या नाय. नांगी वर गेली की खाली वाकायचं, आपटली की उडी, उडीतून उतरताना डोळ्यावर एक घाव, एकच, हावरटपणा नाय करायचा. हे वासंतीने शिकवलं, तिने ती चिंबोरी केव्हाच मारून ठेवलेली, मला लाज वाटेल म्हणून बोलली नव्हती. वाक, उडी, घाव. वाक, उडी, घाव. हात असा चालत होता, जसं वल्हं मारतोय. वर तिच्या जिवाची लाल पट्टी असते, ती सरत सरत नखाएवढी राहिली. शिवराम रंगाच्या डब्याचं झाकण उगाच उघडबंद करायला लागला. मोरू पुढे सरकून बसला. आणि मी शेवटचा घाव घातला.

कडकन् फुटली. सगळं कवच उकललं, गळून पडलं.

आणि आतून दुसरी निघाली. पांढरी. ओली. थरथरणारी.

वासंती ओरडली, "आप्पा, आता मारा. ती मऊ आहे तोवर एका घावात जाते."

मला नको सांगू मऊ म्हणजे काय! कात टाकलेली चिंबोरी मी जाळ्यातून किती वेळा काढलीय. तिच्यात मांस नसतं, धड तिला पळता येत नाय, बाळंतीण बाई जशी, तशी ती. आमचा बाप शिकवून गेला, मऊ चिंबोरी दोन्ही हातांनी उचलायची, चिखलात सोडायची, आणि तिच्याकडे पाठ करायची. तिला मारणाऱ्याला खाडी परत काय देत नाय.

अंगठा बटणावर होता. चांगला, मोकळा, माझा अंगठा. गेला नाय खाली.

मारा, मारा, सगळे म्हणतायत. मी बघत बसलो. ती हळूहळू लाल झाली, कडक झाली, नांगी उचलली… आणि संपलो.

मग मोरू एकदम मऊ आवाजात म्हणाला, "अडकला ना हात परत? जाऊ दे आप्पा."

आता सांगा, काय बोलू? हात चांगला आहे म्हटलं, तर मारली का नाय विचारणार. टीव्हीतली चिंबोरी दया येऊन सोडली म्हटलं, तर होडी तर जाईलच, वर मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेतील. म्हटलं, हो रे. अडकला.

शिवराम डबा उचलून बंदराकडे गेला. घाईत चप्पल विसरला.

सगुणा वाल सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "सोडलीत ना?" जन्मभर बाजारात चिंबोऱ्या विकल्यात तिने, तिला काय सांगायचं. म्हटलं, मऊ होती. म्हणाली, "आवं, पन ती टीव्हीन होती."

टीव्हीत होती. हे मला कोणी आधी सांगायचं नाय?

पुढच्याच आठवड्यात मोरू मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने बोटं ओढली, मनगट फिरवलं, म्हणाला माझा हात दाब. दाबला. ओरडलाच तो! म्हणतो, आजोबा, हात फस्क्लास झाला, आता खुशाल होडी चालवा.

म्हटलं चालवतो डॉक्टर… शिवरामला विचारून सांगतो.