बोलकी गाडी आणि मुकी गाडी

बसा मंडळी, सावरून बसा. देवळाच्या खांबाजवळच्या मावशी, नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या. इथं चालतं – इथं जमीन धावत नाही! हसलात? हसा. ह्या वाक्यापाशी आपल्याला परत यायचंय.

आधी एक प्रश्न विचारते, मनाशी उत्तर धरून ठेवा. आपल्यासमोर गप्प बसतो तो आपला, की सारखा टोकतो तो आपला? घाई नको! आत्ता सगळे म्हणतील, "टोकतो तो." आणि घरी गेल्यावर कुणी म्हणालं, "अहो, साखर कमी घाला," की बघा कपाळावरची आठी!

तर ऐका. कराडात एक इंगवल्यांचं घर. घरात तीन माणसं आणि एक दीड वर्षाची गार्गी. गार्गीचे बाबा संग्राम. आजोबा तात्या – एसटीत अठ्ठावीस वर्षं चालक, एकही अपघात नाही, छातीवर बिल्ला लावून सत्कार झालेला माणूस! आणि गार्गीची आई शर्वरी. शिकलेली, रसायनशास्त्रातली पदवी. स्वभाव कसा? दूध उतू जायच्या आधी धावणारा! गार्गी झोपली की हिचं बोट तिच्या नाकापाशी – श्वास चालू आहे ना? चालू आहे बाई, घोरतेय ती!

शर्वरीचं माहेर चिपळूण. तिथं तिचे वडील, आप्पा. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंगणापलीकडे गेले नव्हते. गार्गीला त्यांनी बारशाला पाहिलं तेवढंच. आता पोर चालायला लागली. आप्पा रोज फोनवर विचारायचे, "नात चालताना कधी दाखवतेस?" पण मध्ये कोण उभा? कुंभार्ली घाट! आणि घरची गाडी कशी? जुनी. मागच्या सीटला पट्टेच नाहीत. शर्वरी म्हणाली, "सुरक्षित गाडी दारात आल्याशिवाय माझं लेकरू घाट चढणार नाही."

झालं! गाडी घ्यायची ठरली. मोठी घ्यायची, सगळं घर मावेल अशी. निवडता निवडता दोन उरल्या. एक पांढरी, एक तांबडी. कंपन्यांची नावं विचारू नका, मला कुणी कमिशन देत नाही!

आता शर्वरीची वही बघा. मधोमध रेघ. डावीकडे पांढरी, उजवीकडे तांबडी. मायलेज लिहिलं, एअरबॅगा लिहिल्या. अपघाताच्या चाचणीत दोघींना पाच-पाच तारे! माहितीपत्रकात वाचून लिहिलं – मागच्या माणसानं पट्टा लावला नाही तर दोन्ही गाड्या ओरडतात. एवढ्यावर थांबेल तर ती शर्वरी कसली? शिवणाची टेप घेऊन शोरूममध्ये गेली. जमिनीपासून पायरी किती उंच – तात्यांचा गुडघा चढेल का? डिकीत बाबागाडी उभी मावते की आडवी? सनरूफचं बटण गार्गीच्या हाताला लागेल का? आणि कमाल ऐका – पिशवीतून स्टीलचा पेला काढला, त्यात काठोकाठ ताक! धक्के कुठल्या गाडीत कमी, ते हिला मोजायचं होतं. विक्रेता घाबरला. "ताई, सीट नवीन आहे हो!"

मंडळी, आपण जावई बघताना तरी एवढं बघतो का?

पहिली पाळी पांढरीची. संग्राम चालवायला. मागे शर्वरीनं घरून आणलेली बेबी सीट बसवली, गार्गीला तिच्यात पट्ट्यांनी बांधलं, स्वतः पट्टा लावला. शेजारी तात्या. तात्यांनी पट्टा लावला का? छे! राजा माणूस! गाडी निघाली आणि सुरू – टूं! टूं! टूं! टूं!

"काय कटकट ए ही?"

"तात्या, पट्टा लावा, थांबेल ती."

"अगं पोरी, अठ्ठावीस वर्षं डांबरावर काढली. मला ही शिकवणार? हिला गप करा कुणीतरी!"

टूं टूं टूं! गार्गीनं भोकाड पसरलं. ताकाचे तीन थेंब सांडले. आणि पुढून संग्राम काय म्हणाला माहितीय? "घरात एक बीपबीप आहेच तात्या, गाडीत दुसरी कशाला?"

तात्या खो-खो हसले. संग्राम हसला. विक्रेता – तो तर हसणारच, गिऱ्हाईक हसतंय ना! शर्वरीही हसली. पण कशी हसली? आपल्या आयाबाया हसतात तशी. तोंडानं.

मग रस्त्यापलीकडची तांबडी. तिथले विक्रेते शिंत्रे, मोठा गोड माणूस. शर्वरी बेबी सीट उचलायला लागली, तर म्हणाले, "ताई, कशाला त्रास? पाच मिनिटांची चक्कर. घ्या की लेकराला मांडीवर!"

एरवी शर्वरी ऐकती का? पण मघाचं 'बीपबीप' कानात रुतलं होतं. मनात आलं, आता परत मीच बोलायचं? राहू दे. आणि इथं, मंडळी, इथं चुकली! तासाभरापूर्वी टेपनं पायरी मोजणारी बाई बेबी सीट शोरूममध्ये ठेवून गाडीत बसली. स्वतः पट्टा न लावता. गार्गी आजोबांच्या मांडीवर.

गाडी निघाली. आवाज? नाही! टूं नाही, टां नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी. गार्गी खिदळतेय, आजोबांच्या मिशा ओढतेय. ताक जागच्या जागी, थेंब सांडला नाही.

"ही खरी गाडी!" तात्या म्हणाले. "खानदानी. तोंड वर करून बोलत नाही!"

शर्वरीनं वहीत लिहिलं – शांतपणा, दहापैकी दहा. लिहिलं आणि पेन थबकलं. पत्रकात तर लिहिलंय दोन्ही ओरडतात. मग ही का ओरडत नाही? तिनं पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. विचारू का? पुन्हा तेच – राहू दे, म्हणतील हिची चौकशी संपतच नाही. पुढे संग्राम म्हणत होता, "मग शिंत्रे, बुकिंग आजच करू?"

आणि तेवढ्यात उसाच्या फडातून एक म्हैस रस्त्यावर आली!

म्हशीनं काय माहितीपत्रक वाचलेलं असतं? संग्रामनं करकचून ब्रेक मारला. तात्या पुढे. तात्यांच्या मांडीवरून गार्गी पुढे! शर्वरीचा हात गेला – फ्रॉकच्या नाडीला दोन बोटं लागली – तरी कपाळ समोरच्या सीटवर आपटलं. ठक्!

एक क्षण पोर गप्प. मग रडली. आणि तुम्हाला सांगते, त्या रडण्याइतकं गोड गाणं शर्वरीनं जन्मात ऐकलं नव्हतं!

लागलं किती? सुपारीएवढं टेंगूळ. वेग कमी होता. देवाची कृपा म्हणा, म्हशीची म्हणा. ती तर शेपूट हलवत निघून गेली. पण शर्वरीच्या डोळ्यांसमोर उसाचा फड नव्हता. कुंभार्लीचं वळण होतं.

तिनं गार्गीला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं स्वतःचा पट्टा ओढला, खाचेत घालायला गेली. जाईना! खाचेत आधीच कुणीतरी बसलेलं! सीटकव्हर वर केलं. चपटी, काळी, लोखंडी क्लिप. पट्ट्याची नुसती जीभ, पट्टाच नाही – गाडीला वाटावं पट्टा लावलाय! तात्यांच्या खाचेतही तीच. मधल्या खाचेतही तीच.

तिनं एक उपसली आणि संग्रामला म्हणाली, "बाजूला घ्या. हळू."

गाडी हलली आणि टूं! टूं! टूं! ती खानदानी, मुकी गाडी घसा फोडून ओरडायला लागली!

"शिंत्रेसाहेब, हे काय?"

शिंत्रे खाली मान घालून म्हणाले, "ताई, खोटं नाही बोलत. येणारा प्रत्येक जण म्हणतो, आवाज बंद करा. म्हणून चक्कर मारायच्या गाडीत आम्हीच... गिऱ्हाइकाला शांतता आवडते हो."

कळलं का मंडळी? गाडी मुकी नव्हती. तिच्या तोंडात बोळा होता! आणि आपण तिला दहापैकी दहा दिले!

तात्या अजून घुश्श्यात. नातीच्या टेंगळाकडे बघवत नव्हतं ना, म्हणून आवाज मोठा. "म्हशीमुळं झालं! माझ्या अठ्ठावीस वर्षांत –"

"तात्या," शर्वरी म्हणाली. आवाज चढवला नाही. "एक विचारू? तुमच्या एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी हलवायचात?"

"वेडी का काय? दार उघडं असंल, म्हातारं पायरीवर असंल. घंटीबिगर गिअर टाकला नाही कधी."

"त्या घंटीची कटकट व्हायची?"

"व्हायची की. दिवसभर टिंगटिंग."

"मग तिच्या दोरीला कधी गाठ मारून ठेवलीत?"

गाडी टूं टूं करत होती. मग त्या अठ्ठावीस वर्षांच्या हातानं आपल्या खाचेतली क्लिप उपसली, पट्टा छातीवरून ओढला आणि कट्! म्हणाले, "घंटीच होय गं ही. मला वळखू आली नाही."

पुढून संग्राम हळूच म्हणाला, "शर्वरी, मघाशी मी जे बोललो..."

"बेबी सीट घेऊन या आधी," ती म्हणाली. बायकोनं माफ केलं की नाही, नवऱ्यांनो, तुमचं तुम्ही ठरवा!

आता तुमच्या पोटात प्रश्न आहे, दिसतोय मला. शेवटी गाडी कुठली घेतली? तांबडीच! पायरी दोन बोटं खाली होती, तात्यांच्या गुडघ्याला सोपी. बोळा काढल्यावर दोघी सारख्याच ओरडत होत्या. वहीत शर्वरीनं 'शांतपणा' खोडला आणि तिथं लिहिलं – बोलते.

पंधरा दिवसांनी घाट. गार्गी तिच्या सीटमध्ये. तात्यांनी एकेकाचा पट्टा ओढून बघितला, संग्रामचाही. आणि मग तोंडानंच, "टिंग टिंग! चला!" अख्खा कुंभार्ली उतरला, गाडी एकदाही ओरडली नाही. कुणी तोंड दाबलं होतं? कुणी नाही. तिला बोलायचं कारणच राहिलं नव्हतं. आणि चिपळूणच्या अंगणात आप्पांच्या खुर्चीकडे एक पोर दोन्ही हात पसरून, डुलत डुलत... अकरा पावलं. आप्पांनी मोजली.

आता माझा मघाचा प्रश्न घ्या. तुमच्या घरात क्लिप कुणाच्या तोंडात आहे? आईच्या? सुनेच्या? "बाबा, गोळी घेतली का," विचारणाऱ्या लेकीच्या? आणि आतला तो जो सारखा टोकतो, ज्याचं देऊळ तुमच्या छातीत आहे, त्याला किती वर्षं गप्प बसवलंय? घरात शांतता आहे म्हणता – ती समाधानाची आहे की बोळ्याची, हात घालून बघितलंत कधी?

येताना बाहेर गाड्या बघून आले मी. हेल्मेटं आरशांना लटकलेली. आरशाला डोकं असतं का हो? आणि खांबाजवळच्या मावशी, आता जाताना रिक्षात नातवाला घट्ट धरा बरं. जमीन धावायला लागेल.

देवळात येताना आपण घंटा वाजवतो. देवाला उठवायला? तो कधी झोपलाय! आज जाताना प्रत्येकानं ती दोनदा वाजवा. आधी आपलं, आपल्या माणसांचं सगळं नीट बांधलंय ना बघा. आणि मग विठोबाचं नाव घ्या – टिंग टिंग – आणि निघा!