भरमाच्या वाटणीचं पाणी

(निपाणीजवळचं एक खेडं. अंगणात मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, वळणं चाललंय. एका बाजूला नागुबाई, मधे मालुबाई, आणि पलीकडचं टोक मिशनच्या दानीएल मास्तरांच्या हातात.)

नागुबाई : टोक सोडू नगासा, मास्तर. ताणून धरा. सोडलासा तर समदा पीळ उलगडंल आनि सकाळधरनंचं काम फुकट.

मास्तर : धरलंय हो, धरलंय. मी बेळगावचा निरोप घेऊन आलो आणि तुम्ही मला नाडा वळायला उभं केलंत.

मालुबाई : ‘काय हातभार लावू का’ म्हनून कोन बोललं? नाडा वळायला तिघं लागत्यात. धनी बाजाराला गेल्यात. येक जागा रिकामी हुती, तुमी घावलासा.

मास्तर : हं. गेला खरा भरमाप्पा बाजाराला.

नागुबाई : निरोप येनार म्हनल्यावर रातभर कूस बदलत हुते. दीस उजाडायला पटका बांदला आनि चालले निपाणीला. काय आनायचं म्हनून इचारलं, तर म्हनले, बगतो कायतरी. आता बोला तुमी. आयतवारी आमा तिघांचा बाप्तिस्मा हुनार का न्हाय?

मास्तर : सांगतो. बेळगावला सगळे पाद्री बसले होते. भरमाप्पाची गोष्ट निघाली. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. ज्या माणसाला दोन बायका आहेत, त्याला मंडळीत घेता येत नाही. एकीला ठेवावं, एकीला सोडावं, मग तिघांनी यावं.

मालुबाई : सोडावं म्हंजे? दाव्याला बांदल्यालं हाय व्हय कुनाला?

मास्तर : वेगळं खोपट घालून द्यावं. धान्य द्यावं, लुगडं द्यावं. फक्त नवरा-बायको म्हणून एका घरात राहू नये. आणि ठेवायची ती पहिली, असं पाद्री साहेबांचं मत आहे.

मालुबाई : पयली म्हंजे आक्का.

मास्तर : हो.

मालुबाई : मग मी दुसरी. बरं झालं की! भांडाय-तंडायचं कामच उरलं न्हाय. मी आपली कडोलीला जाते, चंपीकडं. जावई गुणाचा हाय. सासूला भाकरी न्हाय म्हननार न्हाय.

नागुबाई : तू गप बस. मास्तर, हिला ह्या घरात कुनी आनली, ठावं हाय का तुमाला?

मास्तर : भरमाप्पानं.

नागुबाई : मी आनली. माजी दोन लेकरं पलेगात गेली. येकामागं येक. त्येच्यावर कूस उजवलीच न्हाय. धनी कदी वाकडं बोलले न्हाईत. पर सांज झाली की दुसऱ्याचं पोर खांद्यावर घिऊन पारावर बसायचे. मला त्ये बगवंना. मीच माज्या पायानं गडहिंग्लजच्या अंगाला गेले, हिला बगितली, हिच्या आयच्या वटीत नारळ घातला. हळद मी लावली. चंपी जलमली तवा नाळ मी कापली. मानमोडीच्या साथीत मी आतरुनाला खिळले, तवा लोक आपल्या मानसाला शिवत नव्हते. हिनं माजं समदं काडलं. आमची पोरगी दोघींस्नी आयच म्हनती. आता ह्यातली कुनाला सोडायची, त्ये तुमीच सांगा.

मास्तर : मी नाही म्हणत, नागुबाई. मी निरोप्या आहे.

मालुबाई : आक्का, पर तुला जायाचं हाय तितं. तुजी लेकरं हाईत. त्येंला कोन न्हाऊ घालत असंल, कोन निजवत असंल, म्हनून किती वर्सं रातीची रडत हुतीस. मास्तरनी सांगितलं, लेकरांस्नी देवानं मांडीवर घेतलंया. तवापास्नं तुला झोप लागाया लागली. मी बगितलंय की. माज्यापायी नगं म्हनू नगंस.

नागुबाई : जायाचं हाय. लई जायाचं हाय. खोटं कशाला बोलू? पर हिला खोपटात घालून मी वर गेले, आनि लेकरांनी इचारलं, आमच्या भनीची आय कुटं हाय, तर काय सांगू? तुमाला भेटायच्या घाईत तिला हाकलून आले म्हनू? न्हाय मास्तर. सायबाला सांगा, आमाला नगं.

मास्तर : थांबा, थांबा. आता तुम्ही टोक सोडू नका. निरोप अजून संपलेला नाही.

मालुबाई : मग त्यो आदी सांगायचा का न्हाय?

मास्तर : पहिलं आधी सांगायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि दुसरं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. तुम्हा दोघींना बाप्तिस्मा मिळेल. आहात तशाच. कुणी घर सोडायला नको.

नागुबाई : आसं कसं?

मास्तर : तुम्हा प्रत्येकीला नवरा एकच आहे. तुमच्याकडं दोष नाही. दोन बायका आहेत त्या त्याला. म्हणून अडतो तो एकटा भरमाप्पा.

मालुबाई : आगं बया! लगीन तिघांचं, आनि घावला येकटा नवरा!

नागुबाई : हसू नगंस गं. मास्तर, म्हंजे आमी आत आनि त्येनी भाईर?

मास्तर : मंडळीच्या बाहेर.

नागुबाई : मंडळीच्या भाईर म्हंजे देवाच्या राज्याच्या पन भाईर का?

मास्तर : खरं सांगू? मी साहेबांना हेच विचारलं. ते म्हणाले, देवाच्या मनातलं देव जाणे, आपण नियम पाळावा. मी नियम पाळतो. पण रात्री प्रार्थनेला बसलो, की पहिलं नाव भरमाप्पाचं येतं तोंडात. त्याला मी काय करू?

नागुबाई : उभा जलम आमच्या म्होरं चालले त्येनी. रानात, बाजारात, जत्रंत. इच्चू-काटा आसला तर आदी आपल्या पायाला लागावा म्हनून. आनि नेमकं तितंच आमी म्होरं जायाचं, आनि त्येनी मागं? त्येंच्या जिवाला काय वाटंल?

मास्तर : त्याला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. ओढ्याजवळ वाट बघत बसला होता माझी. सगळा निरोप काढून घेतला माझ्याकडून. आणि म्हणाला, ‘दोघींस्नी घ्या. मी थांबतो.’

मालुबाई : येवडंच?

मास्तर : एवढंच. मी म्हटलं, अरे घरी चल, चौघं बसून बोलू. तर म्हणाला, ‘मी तितं आसलो तर थोरली नगं म्हनंल आनि धाकटी रडंल. त्यापरास मी बाजारात बरा.’

मालुबाई : मी कुटं रडतीया?

नागुबाई : रड बाई, रड. फकस्त हात हलवू नगंस, पीळ सुटंल. मास्तर, त्येंच्यासाठनं कायच वाट न्हाय?

मास्तर : एक आहे. अखेरची घडी आली, माणूस जायला निघाला आणि त्याच्या मनात विश्वास असला, तर मग त्याला कुणी अडवत नाही.

मालुबाई : का? मरताना बायका कमी हुत्यात व्हय?

मास्तर : नाही. पण तेव्हा मोजत नाहीत.

नागुबाई : पर तुमाला कळनार कवा, तुमी येनार कवा? निपाणीस्नं हितं यायला सकाळची दुपार हुती. पावसाळ्यात वडा भरला तर त्ये बी न्हाय.

मास्तर : म्हणूनच सांगतोय. मी नसलो, साहेब नसले, तर घरातल्या बाप्तिस्मा झालेल्या कुणीही द्यावा. बाईनं दिला तरी चालतो. डोक्यावर पाणी घालायचं आणि चार शब्द म्हणायचे.

नागुबाई : शिकवा मग. आत्ताच शिकवा.

मास्तर : माझे दोन्ही हात अडकलेत.

नागुबाई : तोंड मोकळं हाय न्हवं?

मास्तर : बरं, ऐका. ‘भरमा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते.’ म्हणा माझ्यामागून. म्हणा की. अवघड आहे?

मालुबाई : मागचं समदं सोपं हाय, मास्तर. पयलाच शब्द अवगड हाय.

मास्तर : पहिला? पहिलं तर नुसतं नाव आहे. अरे देवा! नवऱ्याचं नाव!

नागुबाई : लगीन झाल्यापास्नं तोंडातनं काडलं न्हाय. माळावर त्येंच्याच नावाचा देव हाय. त्या देवाला बी मी ‘माळावरचा’ म्हनते.

मालुबाई : आनि ‘तुला’? धन्याला ‘तुला’ म्हनायचं?

मास्तर : प्रार्थनेत आपण देवालाही ‘तू’ म्हणतोच ना?

मालुबाई : देव कुटं सांजचा भाकरी खायाला घरात येतोय! मास्तर, उखाण्यात घेतलं तर चालंल का?

मास्तर : अहो, माणूस शेवटचे श्वास घेत असणार, आणि तुम्ही उखाणा जुळवत बसणार?

मालुबाई : आत्ताच जुळवून ठिवते की. ‘वाखाच्या नाड्याला पीळ दिला दाट...’

मास्तर : मालुबाई!

मालुबाई : ऱ्हायलं. मग नवं नाव ठिवत्यात न्हवं? तुमचं बी आदी दुसरंच हुतं, मागनं दानीएल झालं. तसंच येकादं ठिवा. परक्याचं नाव घ्यायला काय जड न्हाय जानार.

मास्तर : हे मात्र होईल. पौल म्हणा. सुटसुटीत आहे.

नागुबाई : त्येंला ठिवल्यावर त्ये बी त्येंचंच नाव झालं की! आनि मी म्हनते, डोळं मिटत आल्यात, शुद्ध हाय न्हाय, आनि कानावर ‘पौल’ पडलं, तर त्येंला वाटंल कोन पावना आलाय. न्हाय. आजवर ज्या नावाला ओ दिली, त्याच नावानं हाक मारायची.

मालुबाई : मारनार कोन?

नागुबाई : मी. थोरली हाय मी. मास्तर, जरा तिकडं तोंड करा.

मास्तर : हे टोक धरून?

नागुबाई : टोक धरूनच. ऐका खुशाल, फकस्त माज्याकडं बगू नगासा.

मास्तर : हे बघा, वळलो.

नागुबाई : भ... ह्यॅ! न्हाय येत.

मालुबाई : आक्का, नव्या नवरीगत लाजतीयास की गं!

नागुबाई : गप गं. भरमा. भरमा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आनि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते. बराबर आलं का वो?

मास्तर : एक अक्षर चुकलं नाही.

नागुबाई : ग्वाड हाय की वो नाव! उगंच इतकी वर्सं तोंडात धरून ठिवलं.

मालुबाई : माज्या तोंडातनं न्हाय यायचं बाई. तू नाव घे, मी पानी घालते.

नागुबाई : तसंच करू. रोज राती उशाला तांब्या भरून ठिवायचा. त्येंला काय सांगायचं न्हाय. इचारलं तर म्हनायचं, तान लागती.

मास्तर : मग रविवारी येता ना दोघी? साहेबांना काय सांगू?

नागुबाई : येतो म्हनून सांगा. दोघी येतो. आनि धनी भाईर झाडाखाली बसतील, तितं घोंगडं टाका. उगंच मातीत बसाय नगं.

मास्तर : मी स्वतः टाकीन.

मालुबाई : आक्का, येक इचारू?

नागुबाई : आनि काय गं?

मालुबाई : समज, तू आदी गेलीस. तुज्या मागनं मी बी गेले. आनि त्येनीच मागं ऱ्हायले. मग पानी कोन घालनार? नाव कोन घेनार?

मास्तर : मी आहे ना. कळलं की धावत येईन.

नागुबाई : या की, मास्तर. पर तुमी न्हाय पोचलासा तरी घोर नगं. माले, आपन दोघी देवाच्या दारातच बसायचं. आत जायाचं न्हाय.

मालुबाई : आनि तुजी लेकरं? ती तर आत हाईत.

नागुबाई : त्येंला बोलवू दारात. मांडीवर खेळतील.

मालुबाई : आनि देवच उठून आला, म्हनला, बायांनो, ताटं वाढल्यात, आत या. मग?

नागुबाई : त्येला सांगू, घरचं मानूस यायचं हाय अजून. त्येंच्या आदी कदी जेवलोय व्हय आपन?