वेशीचा अडसर

मी, दगडकाम करणाऱ्या मिस्त्रींचा सख्खा भाचा, वय २२, शिक्षण आठवी, धंदा दगडकाम, राहणार मामांकडे, वेशीमागची गल्ली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

सोमवार, ता. ९ मार्च रोजी सकाळी सव्वादहा वाजता मी शहराच्या जुन्या वेशीत अडसराचे भोक साफ करत होतो. अडसर म्हणजे कवाडे आतून अडवणारा सागवानी वासा. एरवी तो भिंतीच्या पोटात असतो. तो मातीने गच्च बसला होता. वेशीच्या दुरुस्तीच्या ठेकेदारांनी दहा मिनिटे वाहने थांबवून कवाडे लावून पाहायला परवानगी दिली होती.

कवाडांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी सुळे आहेत. बाहेर रस्ता मुद्दाम एकदम वळवलेला आहे, म्हणजे हत्तीला धाव घेता येऊ नये. एवढी जड कवाडे, पण तेल घातल्यावर एका हाताने लागली. मामा म्हणाले, "तुझ्या मामीच्या कपाटापेक्षा हलकं चालतंय."

मी शेवटची माती काढताच वासा आपोआप घसरत आला आणि समोरच्या भोकात जाऊन बसला. भोकाच्या तळाला उतार आहे. मामा बघतच राहिले. म्हणाले, "घाईच्या वेळी एकट्या माणसालाही दार लावता यावं म्हणून केलंय रे. काय डोकी होती."

वाहने अडकली. पायी माणसे कवाडातल्या लहान दिंडी दरवाजातून ये-जा करत होती. ठेकेदारांनी वासा कापायला करवत मागवली. मामा वाशावर बसले आणि म्हणाले, "पहारी आणा, चढावर रेटू." ठेकेदार म्हणाले, "मुद्दाम केलंय. कवाडं उघडी ठेवून सिमेंटात बसवायची ठरल्यापासून यांच्या पोटात दुखतंय." अकरा वाजता आठ जणांनी वासा मागे रेटला. कुठे ओरखडाही नाही.

रस्ता मुद्दाम अडवल्याच्या तक्रारीवरून मामा दुपारपासून इथे चौकीत बाकावर आहेत. हवालदारसाहेबांनी आपुलकीने विचारले, "दार बिघडलंय असं लिहू का? मामा जेवायला घरी जातील." मामा बाकावरून म्हणाले, "भाच्या, झालं तेवढंच सांग."

दारात बिघाड नाही. तसे लिहिले तर ते सिमेंटात जाणे पक्के होईल. ज्यासाठी बांधले ते काम त्याने आजही केले. माती काढण्याआधी आम्ही उतार तपासला नाही, पाचर मारली नाही. ही चूक आहे, हेतू नव्हता.

वरील मजकूर मला ऐकवला, मी स्वतःही वाचला. सांगितले तसाच उतरला आहे. चूक दोघांची, म्हणून सही करून मीही मामांच्या शेजारी बसत आहे.