सुमनच्या कडीले अडकवलेल्या पिशव्या

जमलेल्या बायांनो, भावांनो, आजच्या सभेची वेळ काय होती, आठवते काय कोणाले? सकाळी आठची होती. आता नऊ वाजून गेले आणि मागचे अजून चपला काढून राहिले. तुमचं विसरणं मले जुनं माहीत आहे. म्हणून नातीले कागद घेऊन बाजूले बसवलं. मले अक्षर येत नाही. मी बोलून राहिली, ती लिहून राहिली. उद्या कोणी म्हणू नये, की आजी असं बोललीच नव्हती.

बोलणं जड जाते बापा. हार घातलेला फोटो समोर आहे आणि त्यात सुमन हसून राहिली. मी तिच्याहून मोठी. रांगेत माझा नंबर आधी होता. पण रांगेत पुढं घुसायची सुमनची सवयच होती, चक्कीवर असो की दुधाच्या बूथवर.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणाले, सुमनबाई परोपकारी होत्या, सगळ्यांसाठी धावायच्या. मी ऐकून राहिली आणि दात खाऊन राहिली, जेवढे उरले तेवढे. धावायच्या? ती धावत नव्हती. तुम्ही धाववत होते!

सुमन कोण होती, ते मी सांगते. आमची भिंत एक. नागपूरच्या आपल्या महाल भागातल्या या गल्लीत सगळ्यात आधी तिचं दार उघडायचं. गव्हाचा डबा आधी चक्कीवर ठेवायचा, म्हणजे चक्की सुरू झाली की पहिलं दळण आपलं. तिथून भाजी. भाजीवाला पोतं सोडून राहिला, की ही समोर उभी. मग दूध. मग देवळात उभ्या उभ्या हात जोडायचे. देवालेही जास्त वेळ घेऊ द्यायची नाही. आणि परत चक्कीवर. पीठ गरम असायचं. तो डबा ती लेकरासारखा कडेवर घेऊन यायची.

घरी आली की ओट्यावर सामान ठेवायची, नळाखाली पाय धुवायची आणि एक लांब श्वास सोडायची. तो श्वास मले भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मग हाक यायची, "ये वं बाई, निपटलं!" मी गेली, की ती आतून कडी लावायची. कैरी चिरायची, मीठ-तिखट लावायची. आम्ही दोघी कूलरसमोर पाय लांब करून बसायचो.

मी चिडवायची, "काय वं सुमे, एवढी घाई? कोणती गाडी पकडायची आहे?"

"गाडी नाही. आता जगाले माझ्याशी काम नाही, न मले जगाशी. आता मी राणी."

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर राणी झोपते."

एवढंच सुख होतं तिचं. दागिने मागितले नाहीत, काशी मागितली नाही. सकाळी कामं उरकायची आणि उरलेला दिवस पायाशी मांजरासारखा बसलेला पाहायचा. ते सुख तुम्ही खाल्लं. कसं खाल्लं, तेही सांगते.

आधी एक पिशवी आली. तिच्या कडीले बाहेरून अडकवलेली. "काकू, तुम्ही जाऊनच राहिल्या, तर माझी मेथी आणजा." जाऊनच राहिल्या! मग दुसरी पिशवी. मग कोणाचं दळण, कोणाचा साबुदाणा. शेवटी कडी दिसेनाशी झाली. पहाटे दार उघडलं, की पिशव्या घरात पडायच्या. ज्यांच्या अंगणात गाड्या उभ्या आहेत, धरमपेठेत कपडे घ्यायले जाताना ज्यांचे पाय दुखत नाहीत, त्यांची मेथी या म्हातारीच्या खांद्यावर! आणि आणून दिली की, "अगं बाई, कोथिंबीर सांगायची राहिलीच." ती पुन्हा जायची. कैरीच्या वेळेले सुमन बाजारात आणि मी कूलरसमोर एकटी.

मी म्हणायची, "नाही म्हण वं त्यांले."

"रोज तोंड पाहायचं असते ना त्यांचं."

"तर मग तोंड फिरव!"

नाही ऐकलं. सुमे, तुझ्यावरही राग आहे माझा. फोटोत हसू नको.

गेल्या आठवड्यात काय झालं, ते सगळ्यांले माहीत आहे, पण कोणी बोलून नाही राहिलं. त्या दिवशी सगळं निपटलं होतं. सगळ्यांच्या पिशव्या पोचल्या होत्या. कडी लागली होती. कैरीची फोड तिच्या हातात होती. दार वाजलं. मी म्हणली, "गप्प बस. आपण घरी नाही." ती हसली आणि उठली. कोणाकडं पाहुणे आले होते आणि दही सांगायचं राहिलं होतं. मे महिन्याची दुपार, तीही नागपूरची. कुत्रं गाडीखालून निघत नाही त्या उन्हात सुमन डोक्यावर पदर घेऊन निघाली. "आलीच," म्हणली. दही आणलं, ज्याचं त्याले दिलं आणि स्वतःच्या ओट्याशी येऊन खाली बसली. बसली ती बसलीच. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं. उन्हाचं काय चुकलं गा? ऊन तर दर वर्षी सांगून येते.

दही कोणाचं होतं, त्याचं नाव मी घेणार नाही. त्या दिवशी त्यांचा नंबर लागला, दुसऱ्या दिवशी तुमचा लागला असता. कढी झाली असेल ना चांगली? खाली काहून पाहता? माझ्याकडं पाहा.

हे मी आज बोललीही नसती. गेलेलं माणूस रागावून परत येत नाही. पण ती कोपऱ्यात बसली आहे ना, ती रेखा, सुमनची सून. ते घर आता तिच्यावर आहे. सासूची तेरवी अजून व्हायची आहे. आणि काल सकाळी तिच्या दाराले मले काय दिसलं? पिशवी! वरून निरोप, "जमलं तर पाहाजो." मी पिशवी काढायले गेली, तर रेखाच म्हणते, "राहू द्या आजी, मी जाऊनच राहिली." पहिल्या पिशवीच्या वेळी सुमन अगदी हेच म्हणली होती. तिथं माझं डोकं फिरलं. ती पिशवी मी इथं आणली आहे. हे पाहा. ज्यांची असेल त्यांनी सभा संपल्यावर सगळ्यांसमोर येऊन माझ्या हातून न्यावी.

आता नीट ऐका. रेखा तिची कामं करेल, तिच्या घरापुरती. घरी येईल, कडी लावेल. त्यानंतर दार वाजवायचं नाही. आत ती झोपते, की टीव्ही पाहते, की नुसती भिंतीकडं पाहत बसते, हे कोणी विचारायचं नाही. आणि रेखा, तूही ऐक वं. 'नाही' म्हणायले शिक. तोंडातून निघत नसेल तर मले हाक मार. माझे पाय गेले, जीभ नाही गेली.

चला, उभे राहा. ज्यांले उठवत नाही त्यांनी बसून राहा. मोबाइल बंद करा. सुमनसाठी थोडा वेळ सगळे गप्प राहू. जिवंतपणी तिले तुम्ही एवढंही दिलं नाही, कोणी हाक न मारलेला थोडासा वेळ. तो आता द्या.

झालं. बसू नका, जाताना हे ऐकून जा. तेरवीपर्यंत रेखाकडं जेवण तुम्ही आणायचं. फिकं वरण, भात, ज्वारीची भाकर. सुतक आहे, फोडणी घालू नका. गोड तर नकोच. ऊन तापायच्या आत आणा आणि स्वतःच्या पायानं आणा. रिकामा डबा परत करू नये म्हणतात, म्हणून रेखा त्यात काही भरून देईल, अशी वाट पाहू नका. डबा उष्टाच मिळेल. घरी नेऊन घासा.