सगळं पुसून लख्ख

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर यायचा होता, आणि कान काही मी घरी ठेवून आले नव्हते. पुढे एक बाई दुरुस्तीवाल्याशी बोलत होती.

“लॅपटॉप चालू होईना, तेव्हा स्क्रीनवर त्यानेच विचारलं, रीसेट करू का?”

“फायली ठेवायच्या की पुसायच्या, हेही विचारलं असेल, काकू.”

“पुसा म्हटलं. अर्धवट साफसफाई मला खपत नाही.”

“काय होतं त्यात?”

“गेलेल्या लेकाचा आवाज. तेवढाच राहिला होता.”

“दुसरीकडे कुठे ठेवलाय?”

“नाही रे.”

“मग आता परत येणार नाही, काकू.”

“हळू बोल. आमचे हे दारात उभे आहेत, नवे हेडफोन घेऊन.”

“मी सांगू त्यांना?”

“नको. अजून अर्धा तास लॅपटॉप उघडून काहीतरी करत बस.”