माझ्या वाटणीचे उपकार

शेवटचं काम म्हंजे आमी दोघांनी पवना नदीवर गोधडी पिळली. शनवारची दुपार व्हती. एक टोक शेवंताकडं, एक माझ्याकडं, न् दोघं एकाच अंगाला पीळ घालतोय, मग पाणी निघायचं कुठनं. मी खेकसलो, चाळीस वर्षं झाली लग्नाला, तुला अजून पीळ घालता येईना. ती दगडावर बसून हसत राहिली. घरी आलो, तिनं पीठ मळायला घेतलं, म्हणली छातीत कळ येतीय, न् तशीच पिठाच्या हातानं भिंतीला टेकली. आमचा पोरगा दावीद कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला. तो यायच्या आत संपलं. काय सांगू तुम्हाला.

आमी मूळचे नगरकडचे. बापानं बाप्तिस्मा घेतला तवा मी रांगत व्हतो, म्हंजे बारक्यापणापासनं ख्रिस्ती, पण तोंड जन्माचं कडू. भाकरी गरम असली तर जीभ पोळली, गार असली तर दात दुखला. दावीदला पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं म्हणून आमी म्हाताराम्हातारी कासारवाडीला एका खोलीत आलो. शेजारची ठकूबाई आमच्या हातचं पाणी घेत न्हवती. विहिरीवर आपला हंडा बाजूला वढायची न् म्हणायची, तुमचा येशू काय देतो वो, घर तर गळतंय. शेवंता म्हणायची, गळतंय तिथं हंडा ठेवते, ठकूबाई, विहिरीची एक खेप वाचती.

आमच्या ख्रिस्ती मंडळीला तवा देऊळ न्हवतं. रविवारी सकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना व्हायची, न् शेवटी ज्यानं त्यानं उठून आठवड्यातला देवाचा एक उपकार सांगायचा. माझी पाळी आली की मी म्हणायचो, माझं काय न्हाई, पुढं चला. मग शेवंता दोन सांगायची, एक तिचा, एक माझ्या वाटणीचा. एकदा मी राखणदाराच्या कामाला नाव दिलं, तर बाईनं आधीच मंडळीत सांगून टाकलं, यांना काम लागलं, उपकार. सोमवारी साहेबानं माझ्या पांढऱ्या मिशा बघून माघारी धाडलं. मी तिच्यावर तणतणलो, आता तोंड कुठं लपवू. तर म्हणती, एकदा मानलेले उपकार परत कसे मागायचे, राहू द्या तिकडंच.

मला वाटायचं या बाईला दुःख कळतच न्हाई. पण गावाकडं आमची धाकटी पोर गेली तवा आठवडाभर ती बोलली न्हवती. मग रविवारी उठली न् म्हणली, चालायला लागली व्हती, तेवढं बघितलं, उपकार. म्हंजे कळत व्हतं. आनंद काय तिच्या दारात पडलेला नसायचा, ती हुडकायची, खड्यातनं डाळ निवडावी तसा.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार नेमका आमच्या घरचा व्हता. मंडळी आली ती तिला माती द्यायला. शेवंता मधे खाटेवर. वाचन झालं, न् आमची प्रार्थना चालवणारे मास्तर म्हणले, बाबा, आज उपकाराचं राहू द्या. मी म्हणलो, का राहू द्या. आज माझ्या वाटणीचं सांगायला दुसरं कोण हाय. उठलो. खरं तेच बोललो, की देवाचा राग आलाय मला. तो अजून हाय, तुमच्यापासनं काय लपवू. मग म्हणलो, आज सकाळी ठकूबाई आली. कुणी बोलावलं न्हवतं. तिनं हिचं डोकं मांडीवर घेतलं, तेल घातलं न् केसांचा गुंता हळूहळू सोडवला, हिला दुखंल म्हणून. त्याबद्दल उपकार.

मास्तर थांबले व्हते, अजून बोलंल म्हणून. मी म्हणलो, झालं, एवढंच सापडलं.

मग आमी तिला उचललं.